सगुणाची बारी

आमचे घरमालक अण्णा रोज सकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायचे, आणि ती खुर्ची नेमकी अशा जागी असायची की तिच्यापायी दोन गाड्यांची जागा वाया जायची. भाडेकरूंनी आधी गोड शब्दांत आणि मग कमी गोड शब्दांत सांगून पाहिलं होतं. अण्णा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा तिथेच. मी नवीन राहायला आले तेव्हा मीही बोलले. कसबा पेठेत वाढलेल्या बाईला असल्या बाबतीत गप्प बसता येत नाही.

"अण्णा, तुम्ही जरा सावलीत बसलात तर तुमचंही डोकं तापणार नाही आणि आमचंही," मी म्हटलं.

अण्णांनी पायाखालच्या फरशीवर चप्पल आपटली. "ताई, हितं हीर हाय. हिरीवर गाडी लावत्यात व्हय?"

विहीर होती हे खरं, पण ती बुजवून वर फरशी घातल्याला बरीच वर्षं लोटली होती. हडपसरच्या या भागात पूर्वी मळे होते. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ बापू यांचाही होता. मळ्याची वाटणी झाली तेव्हा रान निम्मं निम्मं करता आलं, विहीर काही करता येईना. म्हणून ती सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. त्यांच्या बोलण्यात पाळीला 'बारी' म्हणत. काही दिवस अण्णांची बारी, काही दिवस बापूंची. बारी बदलायच्या आदल्या संध्याकाळी मोटार बंद करायची आणि रात्रभर विहिरीत जे पाणी पाझरून साठेल ते उद्याच्या माणसाचं, असा नियम होता. पुढे शहर अंगावर आलं, रान गेलं. अण्णांनी आपल्या तुकड्यावर मजले चढवले, बापूंनी शेजारच्या तुकड्यावर बैठं घर बांधलं, आणि मधे कंबरेएवढी भिंत आली. हा सगळा इतिहास अण्णांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला. भाड्याच्या अटी सांगायला मात्र ते विसरले. त्या अटी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जिना चढून येऊन सांगितल्या.

अण्णांचं पाण्याशी काहीतरी होतं. कुठे नळ टपकताना ऐकू आला की ते जेवत्या ताटावरून उठायचे. टाकी भरून वाहिली तर त्या दिवशी कोणाशी बोलायचे नाहीत. गाडी धुणाऱ्या भाडेकरूच्या मागे हात बांधून उभे राहायचे. तोंडाने काही म्हणायचे नाहीत, पण त्या माणसाची बादली आपोआप लहान होत जायची. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, गुडघ्याला कायम गुंडाळलेला पट्टा आणि तोंडी एक ठरलेलं वाक्य: दिसतंय त्याचीच वाटणी करावी. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत हे वाक्य ते कुठेही वापरायचे आणि ते बहुतेक ठिकाणी बसायचंही.

त्यांच्या घरात आणखी एक वाक्प्रचार होता. दूध उतू गेलं, पंप चालू राहिला, कुकरची शिट्टी लावायची राहिली, की काकू म्हणायच्या, "झाली सगुणाची बारी." त्यांचा मुलगा सुहासही म्हणायचा. सगुणा म्हणजे बापूंची बायको. मी यायच्या आधीच वारली होती. बापू खडकीला कारखान्यात कामाला होते, शिफ्टवर जायचे, त्यामुळे त्यांच्या बारीला मोटार लावून शेताला पाणी द्यायचं काम सगुणाकडे असायचं. एका उन्हाळ्यात तिने हौसेने शेवंती लावली होती. आणि तिची बारी आली की ही बाई म्हणे बांधावर झोपून जायची. सगळी शेवंती वाळून गेली. विचारलं तर म्हणायची, विहिरीला पाणीच नव्हतं. तेव्हापासून कोणी कामात ढिलाई केली आणि वर कारण सांगितलं की ती सगुणाची बारी. मला हा वाक्प्रचार फार आवडला. माझं काम दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. आमच्याकडे असा शब्द रोज लागतो. मी तो ऑफिसच्या मीटिंगमध्येही रूढ करून टाकला. ज्यांनी सगुणालाच काय, विहीरही कधी पाहिली नव्हती, असे लोक तो वापरू लागले.

अण्णांच्या तोंडून मात्र तो शब्द मी कधी ऐकला नाही. उलट कोणी म्हटला की ते गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि बाहेर जायचे. मला वाटायचं, गुडघा दुखत असेल.

घरून काम करण्याचे दिवस आले आणि आमच्या घराचं इंटरनेट उघडं पडलं. प्रत्येक मजल्यावर प्रत्येकाचा मोबाइल, आणि जाड स्लॅबच्या त्या घरात कोणालाच धड काही मिळत नव्हतं. मी आणि सुहासने ठरवलं की एकच मोठं कनेक्शन घ्यायचं आणि ते घरभर फिरवायचं. सुहासला अशा गोष्टींची हौस होती. अण्णांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फिरवनार कशातनं?"

सुहास म्हणाला, हवेतून. अण्णा म्हणाले, "मग मला नगं. हवंतलं कोन किती घेतंय ते कुनाला दिसतंय? वायर टाका. दिसतंय त्याचीच वाटणी करावी."

गंमत म्हणजे ते चुकीचं नव्हतं. स्लॅबमधून वायफाय वरपर्यंत पोचणारच नव्हतं. शेवटी खालच्या दिवाणखान्यात राउटर बसला, तिथून पाण्याच्या पाइपांशेजारून पिवळी केबल वर चढवली, प्रत्येक मजल्यावर एक एक तोंड काढलं, आणि गच्चीच्या खोलीत वायफायचा दुसरा डबा लावला. कॉम्प्युटर वायरीवर, फोन हवेवर. केबल सोलून आतल्या आठ रंगीत तारा क्रमाने लावायच्या आणि टोपण दाबून बसवायचं, हे काम मी आणि सुहास दोन रविवार करत होतो. अण्णा बॅटरी धरून उभे. त्यांनी विचारलं की यातली पाणी आणणारी तार कोणती आणि नेणारी कोणती. मी सांगितलं, काही आणतात, काही नेतात, एकाच वायरीत दोन्ही चालतं. त्यांना ते पटलं नाही. पाट दोन्हीकडे वाहत नाही असं ते म्हणाले, पण बॅटरी हलू दिली नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते त्या केबलवरून हात फिरवत खालून वर जायचे आणि वरून खाली यायचे. कुठे वाकली आहे का, कुठे उंदराने कुरतडली आहे का, ते बघायचे. पाटाच्या कडेने चालणाऱ्या माणसाची चाल त्यांच्यात अजून होती. मी वरून बघायचे आणि हसायचे.

मग एके दुपारी मला भिंतीपलीकडे मनीषा दिसली. मनीषा म्हणजे बापूंची सून. ती बायकांना ऑनलाइन ब्लाउजचं कटिंग शिकवायची. भर उन्हात, एका हाताने फोन भिंतीवर टेकवून दुसऱ्या हाताने कापडावर खडूने रेघा ओढत होती. तिच्या घरात रेंज नव्हती आणि आमच्या घराचं वायफाय भिंतीपर्यंत पोचत होतं. पासवर्ड काकूंनीच तिला गुपचूप दिला होता. दोन्ही घरांचं जाणं-येणं सणापुरतं असलं तरी बायका बायकांची भिंतीवरची देवाणघेवाण चालू होती.

सुहासला कळलं तेव्हा तो म्हणाला, पासवर्ड बदलून टाकू. वाईट मुलगा नाही तो; त्याला फक्त आपली मॅच अडकलेली चालत नाही. अण्णा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"बदलायचा न्हाय," ते म्हणाले. "उनात का उभी करायची तिला? बापूच्या घरात वायर दे."

सुहासने विचारलं, आपण का द्यायची? अण्णांनी हात धुतला आणि ते तडक भिंतीपाशी गेले. मी गच्चीतून बघत होते. बापू बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, निवृत्त होऊनही शिफ्टला निघाल्यासारखे. अण्णा बराच वेळ बोलत होते. बापूंनी एकदाच तोंड उघडलं, आणि भिंत मधे असूनही ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"फुकट न्हाय घेनार. बारी लावनार असशील तर दे."

अण्णांचा चेहरा मला वरून दिसत नव्हता, पण घरात आले तेव्हा ते एखाद्या पोराला शाळेत प्रवेश मिळाल्यासारखे खुशीत होते. दुसऱ्याच दिवशी पिवळी केबल भिंतीवरून बापूंच्या घरात गेली आणि मनीषाच्या फोनसाठी तिथे वायफायचा एक डबा लागला. आणि बारी सुरू झाली. एक दिवस अण्णांची, एक दिवस बापूंची.

आता इंटरनेटची बारी लावता येत नाही, लावायची गरजही नसते, ते दोघांना एकाच वेळी मिळतं, हे मी अण्णांना कितीतरी प्रकारे समजावून सांगितलं. ते मान डोलवायचे. पण बापूंच्या बारीच्या दिवशी ते मजल्या-मजल्यावर फिरून सांगायचे की आज सिनेमे बघू नका, आज बापूची बारी आहे. माझ्या दारातही यायचे. एवढंच नाही, आदल्या संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ते राउटरचं बटण बंद करून टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, रातभर साठू दे, सकाळी त्याला भरपूर मिळेल.

"अण्णा, ते साठत नाही हो."

"नसंल साठत," ते म्हणाले. "पन बंद ठिवायला आपलं काय जातंय?"

माझं बरंच जात होतं, कारण माझ्या कंपनीचे लोक समुद्रापलीकडे होते आणि त्यांचा दिवस आमच्या संध्याकाळी उगवायचा. मी दिवसाआड गच्चीत बसून फोनच्या इंटरनेटवर काम भागवू लागले. कसब्यात आई-बाबांकडे गेले की हा किस्सा रंगवून सांगायचे: आमच्याकडे इंटरनेट रात्रभर पाझरतं. सगळे पोट धरून हसायचे. मी तो किस्सा चांगला सांगायचे, हे मला अजून आठवतं आणि आता ते आठवणं नकोसं होतं.

काही महिने हे असं सुरळीत चाललं. मनीषाच्या शिष्या वाढल्या. बापू भिंतीशी उभे राहून अण्णांना कधी कधी काहीतरी विचारू लागले होते. पाऊसपाणी, गुडघा, असलं. अण्णा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायचे, असं काकू सांगायच्या.

मग एका सकाळी, बापूंच्या बारीलाच, मनीषाच्या वर्गात चित्र अडकलं. तिचा कात्रीचा हात पडद्यावर मधेच थिजला आणि तिकडच्या बायकांनी, पुढचं न दिसल्यामुळे, आपापल्या अंदाजाने कापलं. चांगली कापडं फुकट गेली. बायका फोन करकरून मनीषाला बोलल्या. अण्णा खुर्चीत होते, मी गाडी काढायला खाली आले होते. भिंतीपलीकडून बापूंचा आवाज आला.

"तुलाच लावता येत न्हाय नीट. त्यांच्याकडं तर चाललंय. त्यांच्याकडं भरपूर हाय आन् तुझ्याच बारीला कसं नसतं?"

मनीषा काहीतरी म्हणाली. बहुतेक एवढंच, की मामंजी, येतच नव्हतं. बापू म्हणाले, "हां, येतच नव्हतं."

मी अण्णांकडे पाहिलं आणि घाबरले. ते खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले होते आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. मी पाणी आणू का विचारलं. ते म्हणाले, "पानी कुटं अडलंय ते बगा आदी."

मी त्यांच्या दिवाणखान्यात बसून लॅपटॉपवर राउटरची सेटिंग्ज उघडली. शोधायला वेळ लागला नाही. बापूंच्या घरी जाणाऱ्या तोंडावर कोणीतरी वेगाची मर्यादा घालून ठेवली होती. अगदी थोडंसं सोडलेलं, बोटभर धार. असं करू शकणारी माणसं घरात दोनच होती आणि त्यातली एक मी होते. सुहास आतून आला. त्याने लपवलं नाही. म्हणाला, रोज रोजच्या त्या बारीला कंटाळलो होतो, कोणाला कळणार आहे असं वाटलं.

मला वाटलं, अण्णा आता त्याला फाडून खातील. पण ते अगदी हळू म्हणाले, "मलाबी तसंच वाटलं हुतं." सुहासला त्याचा अर्थ कळला नाही. मलाही नाही.

मी मर्यादा काढून टाकली. अण्णा मला म्हणाले, चला, मनीषाची चूक नव्हती हे तुम्ही सांगा, मला ते मशीनचं सांगता येणार नाही. आम्ही फाटकातून बाहेर पडून रस्त्यावरून वळसा घालून बापूंच्या घरात गेलो. मी तिथे पहिल्यांदाच जात होते. बाहेरची खोली, कॉट, मनीषाचं शिलाई मशीन, आणि मशीनच्या वर भिंतीवर सगुणाचा फोटो. डोक्यावरून पदर, फोटोसाठी बळंच आणलेलं गांभीर्य. इतकी वर्षं तिच्या नावाने हसलेली मी, आणि ती अशी दिसते हे मला त्या दिवशी कळलं.

मी सांगितलं. चूक आमच्या बाजूची होती, मनीषाने सगळं बरोबर लावलं होतं. बापूंनी ऐकून घेतलं, मनीषाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, बरं, मिटलं मग. ती चहा ठेवायला वळली. सगळं तिथेच संपलं असतं. मी उठलेही होते. अण्णा उठले नाहीत.

"बापू," ते म्हणाले, "शेवंतीच्या टायमालाबी तिची चूक नव्हती."

मग त्यांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात अण्णांचा ऊस पिवळा पडत चालला होता. तेव्हा दोघांची घरं गावठाणात होती, मळा लांब, रात्री तिकडे कोणी नसायचं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांदेखत अण्णा मोटार बंद करायचे, आणि पहाटे एकटे जाऊन पुन्हा चालू करायचे. रात्रभर साठलेलं पाणी आपल्या उसाला देऊन उजाडायच्या आत घरी परत. सगुणा सकाळी जाऊन मोटार लावायची आणि थोड्याच वेळात मोटार हवा ओढायला लागायची. ती बांधावर बसून राहायची, पुन्हा पाणी पाझरायची वाट बघत. लोकांनी तिला तिथे पेंगताना पाहिलं ते तेव्हाच. बापूंची बारी आली की दर वेळी हेच, शेवंती जळून जाईपर्यंत. तिने बापूंना सांगितलं की विहिरीला पाणीच नव्हतं. बापूंनी येऊन अण्णांना विचारलं.

"आन् मी म्हनलो, माझ्या बारीला तर बक्कळ हुतं," अण्णा म्हणाले. "एवढंच म्हनलो मी."

आत चहाचं आधण उकळल्याचा आवाज येत होता आणि मनीषा दारात उभी होती. बापूंनी फोटोकडे पाहिलं नाही. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"मी तिला जन्मभर बोललो, अण्णा," ते म्हणाले. "भाजी करपली तरी तेच काढायचो. जाताना सुदिक ती मला म्हनली, हिरीला पानी नव्हतं हो. मी म्हनलो, आता ऱ्हाऊ दे की ते."

अण्णांनी हात जोडले. बापूंनी मान हलवली. "मला काय सांगतूस? मला सांगून काय हुतंय? तिला सांग."

अण्णा उठून फोटोसमोर गेले. त्यांच्या घरात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढे कधी बोलत नसे. समोर आला तर पदर सारखा करून भिंतीला लागायची. म्हणजे या दोघांनी आयुष्यात एकमेकांशी सरळ असं बोलणं कधी केलंच नव्हतं. तिला खरं माहीत होतं की नाही, कोण जाणे. माहीत असतं तरी ती ते त्यांच्या तोंडावर म्हणू शकली नसती, आणि अण्णांना ते ठाऊक होतं. अण्णांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. बराच वेळ उभे राहून ते तसेच बाहेर पडले. मी मागोमाग निघाले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पिवळी केबल बापूंच्या बाजूने निघाली होती. तोडलेली नव्हती. नीट वेटोळं करून, दोरीने बांधून, भिंतीवर ठेवलेली होती. मनीषाने पुढे स्वतःचं वेगळं कनेक्शन घेतलं.

अण्णांवर रागवायचा मी प्रयत्न केला. एका बाईचं सगळं आयुष्य एका वाक्याने उणं केलं आणि इतकी वर्षं गप्प बसले, यावर रागवायला हवंच होतं. पण राग धरला की माझंच तोंड आडवं यायचं. ते वाक्य अण्णांनी एकदा म्हटलं होतं. त्याचा विनोद करून मी तो कुठल्या कुठे पोचवला होता. समुद्रापलीकडची माणसंसुद्धा सगुणाला आळशी म्हणून ओळखत होती. मी ऑफिसात तो शब्द बंद केला. एकाने विचारलं, का, मस्त होता की. मी यादीतली पुढची चूक उघडली.

खालच्या घरातही तो शब्द गेला. एकदा काकूंचं दूध उतू गेलं तेव्हा मी तिथेच होते. काकूंचं तोंड सवयीने उघडलं आणि मिटलं. सुहासने उठून गॅस बंद केला आणि फडकं घेऊन ओटा पुसला. अण्णा दारात उभे होते. त्या घरात इतकं शांत दूध कधी उतू गेलं नसेल.

अण्णांची खुर्ची तिथेच राहिली, पण माणूस तिच्यात लहान होत गेला. गाडी धुणाऱ्यांच्या मागे उभं राहणं थांबलं. बारी मात्र थांबली नाही. भिंतीपलीकडे वायर नव्हती, घेणारं कोणी नव्हतं, तरी एक दिवसाआड दिवेलागणीला ते राउटर बंद करायचे. कोणी भाडेकरू तक्रार करेना. मीही समजावणं सोडलं. कळत होतंच त्यांना की काही साठत नाही. ते पहिल्यापासून कळत असावं.

आणि बापूंच्या बारीच्या दिवशी सकाळी ते फाटकातून बाहेर पडून वळसा घालून बापूंकडे जायचे. थोड्या वेळाने परत यायचे. कुठे गेला होता, हे काकूही विचारत नसत.

पुढे आईच्या तब्येतीमुळे मी कसब्यात परतायचं ठरवलं. सामानाचा टेम्पो यायचा त्या सकाळी मनीषाकडून शिवलेले ब्लाउज आणायला गेले. बापू ओट्यावर उभे होते. मला म्हणाले, ताई, बसा जरा, आत अण्णा आहे. मी ओट्याच्या कडेला बसले. पायरीवर अण्णांच्या चपला होत्या. खिडकीतून, सगुणाच्या फोटोपुढे उभ्या असलेल्या त्यांची पाठ दिसत होती. टोपी काढून हातात धरली होती. गुडघ्याचा पट्टा ढिला होऊन घोट्यापर्यंत आला होता, त्यांना पत्ता नव्हता.

"येतो," बापू हलक्या आवाजात म्हणाले. "उबा ऱ्हातो. जातो. बोलत न्हाय कायबी." त्यात राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. पण दार त्यांनी उघडं ठेवलं होतं, आणि प्रत्येक वेळी ठेवत असणार.

आतलं शिलाई मशीन चालायचं थांबलं. आणि मग अण्णांचा आवाज आला. कोरडा, पहिलीतल्या पोराने पाढा म्हणावा तसा, एकेक शब्द सुटा.

"सगुणा. हिरीला पानीच नव्हतं."

बापू पायरीवरच्या चपलांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्सं हे ती एकलीच म्हनत हुती."